मगनरावांना घाबरण्याचा प्रयत्न

ज्या माणसाला भेटायला मी पुण्याहून निघाले होते, त्याने एका माणसाचा हात तोडला होता. दरोड्यासाठी नाही, जमिनीसाठी नाही, बाईसाठीही नाही. गावच्या वेशीवरची पाटी कुठल्या लिपीत असावी, एवढ्यासाठी. मुंबई राज्याचे दोन तुकडे व्हायच्या सुमाराची ही गोष्ट. धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला तेव्हा कुठलं गाव महाराष्ट्रात आणि कुठलं गुजरातेत यावरून माणसं इरेला पेटली होती. त्यांतले एक मगनराव. त्यांनी चार टाळकी जमवून मंडळ काढलं, विरुद्ध बाजूच्या लोकांची खळी पेटवली, दोघांची डोकी फोडली आणि शेवटी पाटी रंगवणाऱ्या उखा पेंटरचा उजवा हात मनगटापासून उडवला. त्याबद्दल काही वर्षं सक्तमजुरी भोगून ते नुकतेच घरी परतले होते.

आमच्या सरांचा अभ्यास अशा माणसांवर होता. एखाद्या विचारापायी हिंसा करणारा माणूस आतून कसा असतो, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावून बजावलं, "मुलाखत घेताना राग नको, कीव नको, भीती तर नकोच. संशोधकाने थर्मामीटरसारखं असावं. थर्मामीटरला ताप येत नाही." सर स्वतः कधी अशा दौऱ्यावर गेले नव्हते, कारण त्यांना एसटीत मळमळायचं. घरी मी लोकगीतं गोळा करायला जाते असं सांगितलं आणि गाडीत बसले.

नंदुरबार

नंदुरबारला मी उतरले ती मिरचीच्या मोसमात. गावाबाहेर नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली. तिथे त्याला पथारी म्हणतात. लांबून पाहिलं तर वाटतं, कुणीतरी जमिनीवर शालू अंथरलाय. जवळ गेल्यावर वाटतं, तो शालू कुणीतरी आपल्या नाकात कोंबतोय. टांगा पथारीच्या कडेने जात होता आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. नाकालाही. एसटी स्टँडवर मला उतरवून घ्यायला सुकदेव गुरुजी उभे होते. तळोद्याच्या शाळेतले शिक्षक. अहिराणी, गुजराती, भिलोरी सगळं त्यांना येतं, म्हणून सरांनी ओळखीतून त्यांना दुभाषी म्हणून गाठलं होतं. उंच, किडकिडीत, पांढरी टोपी. माझा चेहरा पाहून ते जागच्या जागी थिजले.

"बाई, काय व्हयनं? घरी सर्व ठीक शे ना?"

मी मिरचीकडे बोट दाखवलं. मला बोलता येत नव्हतं. गुरुजींनी त्या बोटाचा काय अर्थ लावला कोण जाणे, पण त्यांचेही डोळे भरून आले. आम्ही दोघं स्टँडवर समोरासमोर रडत उभे राहिलो. एका कंडक्टरने येऊन आम्हाला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. पुढच्या प्रवासात मला कळलं, की गुरुजींना रडायला कारण लागत नाही, फक्त सोबत लागते.

त्या दुपारी स्टँडजवळच्या खानावळीत मी पहिल्यांदा खरी शेवभाजी खाल्ली. पुण्यात आम्ही शेव चहाबरोबर खातो. इथे ती रश्शात बुडवून, वर तेलाचा लाल तवंग आणून जेवायला वाढतात. मी एक घास घेतला आणि पुन्हा रडले. गुरुजी म्हणाले, "आता नाही हं, आता मला माहीत आहे," आणि हसून त्यांनी माझ्या पुढ्यात गुळाचा खडा ठेवला.

तापी

तळोद्याकडे जायचं तर तापी ओलांडायची. एसटी नदीच्या अलीकडे सोडते, मग होडी. पाणी संथ आणि पात्र एवढं रुंद, की पलीकडची माणसं काड्यांसारखी दिसत होती. होडीत दोन शेळ्या, एक सायकल, केळीची पानं आणि आम्ही. गुरुजींनी नावाड्याला, बाई मगनरावांना भेटायला चालल्यात, असं सांगून टाकलं. त्याने वल्हं थांबवलं. शेळ्या सोडून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हद्द नक्की कुठे आहे, असं मी विषय बदलायला विचारलं. नावाडी म्हणाला, "नाव मन्ही शे. पानी दोन सरकारनं शे. कोन बुडनं ते पाहीसन ठरावतस."

बुडणाऱ्याची भाषा विचारून मग पंचनामा कुणी करायचा ते ठरतं, असं त्याचं म्हणणं. तो थट्टा करत होता की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. माझे हात मात्र गार पडले होते. मी ते पदराखाली घेतले. ताप येत नसलेल्या थर्मामीटरला हे शोभणारं नव्हतं.

मगनरावांचं गाव

गावाचं नाव मी देत नाही. काठावरच्या त्या पट्ट्यात गुजर शेतकऱ्यांची गावं आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आलेली ही माणसं. घरात त्यांची स्वतःची बोली, बाजारात अहिराणी, आणि मराठी फक्त शाळेत नि कचेरीत. केळी, ऊस, कापूस, काळी कसदार जमीन. घरं ऐसपैस, ओटे शेणाने सारवलेले, दारात बैल.

मगनरावांच्या ओट्यावर कानाला मफलर गुंडाळलेला एक ठेंगणा म्हातारा वासराला बाटलीने दूध पाजत होता. गुजरांचं घर म्हणून मी त्याला विचारलं, "मगनभाई आहेत का?"

म्हाताऱ्याने बाटली खाली ठेवली. गुरुजींनी डोळे मिटले.

"सदरहू नावाचा इसम येथे राहत नाही," म्हातारा म्हणाला. "मगनराव नावाचा राहतो. तो मीच."

हाच तो. तुरुंगात जाईपर्यंत त्यांना मराठी जेमतेम समजायचं. जिच्यासाठी हात तोडला ती भाषा ते तुरुंगात शिकले, आणि शिकवणारा होता एक बडतर्फ झालेला कोर्टातला कारकून. त्यामुळे मगनराव जे मराठी बोलत, ते निकालपत्राचं मराठी होतं. चहा आला तेव्हा म्हणाले, "सदर चहा आपण प्राशन करावा." वासरू माझी साडी चघळायला लागलं तेव्हा म्हणाले, "उपरोक्त वासरास क्षमा असावी." गुरुजींना भाषांतराची सवयच लागली होती, म्हणून ते मगनरावांचं मराठी मला मराठीत समजावून सांगत, आणि मगनराव त्यांच्याकडे तुच्छतेने बघत.

त्यांच्या बायकोचं नाव रेवाबेन. मगनराव त्यांना सगळ्यांसमोर रेवाताई म्हणत. स्वतःच्या बायकोला ताई म्हणणारा नवरा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी थापता थापता रेवाबेन त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटल्या. गुरुजी म्हणाले, "त्या म्हणतात, तुरुंगातून सोडून आणलं त्या दिवशी हे दारात उभं राहून बोलायला लागले, तर मला वाटलं सरकारने माणूस बदलून पाठवला."

मी कामाला सुरुवात केली. सरांनी दिलेला पहिला प्रश्न विचारणार तेवढ्यात मगनरावांनी हात वर केला.

"तत्पूर्वी आपण नमूद करावे. माझ्याविषयी आपली भावना काय?"

"काहीच नाही," मी म्हटलं. सरांची शिकवण. "मी फक्त ऐकायला आले आहे."

"भीती?"

"नाही."

"लेशमात्र?"

"नाही."

मगनराव उठले, मफलर घट्ट केला आणि मागच्या दाराने केळीच्या बागेत निघून गेले. दुपारच्या जेवणाला आले नाहीत. संध्याकाळीही पाटावर बसले नाहीत. रेवाबेन दोनदा ताट घेऊन गेल्या आणि दोनदा तसंच परत घेऊन आल्या.

सकाळी मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं. मगनराव दुखावले होते. जिल्हाभर ज्याचं नाव घेतलं की माणसं आवाज खाली आणतात, ज्याच्यासाठी पोलिसांची अख्खी गाडी आली होती, त्याच्या ओट्यावर पुण्याची एक बाई येते आणि सांगते मला काही वाटत नाही! पारावरची मंडळी मला समजवायला आली. एक आजोबा म्हणाले, थोडंफार घाबरलात तर तुमचं काय जाणार आहे? दुसरे म्हणाले, पोरगी शिकलेली आहे, शिकलेल्यांना उशिरा भीती वाटते, तिला वेळ द्या. गुरुजींनी तर तोडगाच काढला. बाईंच्या वतीने मी घाबरतो, मला तशीही भीती वाटतेच. मगनरावांनी तो फेटाळला. "मुखत्यारपत्राने भीती चालणार नाही," असा निरोप बागेतून आला.

रेवाबेन माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझा हात धरला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "बेन, जरा घाबर ना. तो जेवत नाही."

मी बागेत गेले. उंच केळी, पानांतून झिरपणारा हिरवा उजेड, पाटाचं खळखळणारं पाणी. मगनराव कोयत्याने वाळलेली पानं उतरवत होते. कोयता हलका चालत होता, जणू हातालाच धार आलेली. मी थोड्या अंतरावर उभी राहिले.

"मगनराव, मी खरं सांगितलं नाही," मी म्हटलं. "तापीच्या होडीत माझे हात गार पडले होते. तुमच्या दारात पाय ठेवला तेव्हा परत फिरावंसं वाटलं होतं. आमच्या सरांनी सांगितलंय, की भीती वाटू द्यायची नाही. म्हणून नाही म्हटलं."

ते वळले. चेहरा हळूहळू उजळला.

"होडीतच?"

"होडीतच."

"माझे नाव निघाल्यावर?"

"निघाल्यावर लगेच."

"सुकदेव," त्यांनी हाक मारली, "साक्षीदार म्हणून ऐकून ठेव." मग मला म्हणाले, "आपल्या सरांना सांगावे, की ज्यास काही वाटत नाही त्यास काय सांगायचे? दगडास तर आम्ही सांगत नाही." आणि घरी जाऊन त्यांनी दोन वेळचं जेवण एका वेळी जेवून टाकलं.

त्यानंतर मात्र ते जे बोलायला लागले ते थांबेनात. ओट्यावर, बागेत, बैलगाडीत. मी विचारलं, मराठी येत नसताना मराठीचं एवढं वेड कुठून लागलं? ते म्हणाले, नंदुरबारला मिरची घेऊन गेलो होतो, तिथे सभा चालू होती. कुणी मोठा वक्ता बोलत होता. लोक टाळ्या पिटत होते, टोप्या उडवत होते, एक जण माझ्या गळ्यात पडून रडला. "मला एक अक्षर कळले नाही," मगनराव म्हणाले. "म्हणूनच पूर्ण पटले." परत येताना बैलगाडीत अंगावरचा काटा गावापर्यंत उतरला नव्हता, म्हणे. एवढं मोठं काहीतरी आपल्याला पहिल्यांदाच वाटलं होतं आणि ते जाऊ द्यायचं नव्हतं.

आणि गुजराती लिपीत काय वाईट होतं?

"तिच्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ नाही. छप्पर नसलेली अक्षरे वेशीवर उभी करणे हे मौजे मजकूरच्या इभ्रतीस धरून नव्हते."

त्यांचं गाव महाराष्ट्रातच राहिलं. पण तो निर्णय हात तोडायच्या आधीच कुठल्याशा कचेरीत होऊन गेला होता, फक्त कागद गावात पोचायचा होता. हे त्यांना खटल्यात कळलं. मी विचारलं, तेव्हा काय वाटलं? "कागद उशिरा आला हा माझा दोष नव्हे," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागले होते. कुणी पाहुण्याला इतक्या काळजीने वाढत नाही. माझ्या घशाला तिखट लागतं म्हणून त्यांनी रेवाबेनला केळफुलाची भाजी बिनमिरचीची करायला लावली आणि मग मी ती कशी खाते हे बघायला स्वतः समोर बसले, जणू मी एखादा चमत्कारिक प्राणी होते. वासराला ते आडून लपून आपल्या घरच्या बोलीत लाडाने हाका मारत. कुणी ऐकलं तर लगेच "सदर वासरू" वर येत. मी हसायचे. गुरुजी हसायचे. मला वाटायचं, हा माणूस आणि तो गुन्हा यांची कुठेतरी चुकामूक झाली असणार.

शेवटच्या दिवशी दुपारी मी हाताचं विचारलं.

ते रंगात आले. गुरुजींना ओट्यावर पाटापाशी बसवलं. त्यांचा उजवा हात पाटावर ठेवायला लावला. "हा उखा. हा असा शिडीवरून उतरला. आम्ही तिघे. मी म्हटले, काय लिहितोस? तो म्हणाला, मला काय माहीत, मला वाचता येत नाही, कागदावर आहे तसे उतरवतो." मगनरावांनी उखाचा आवाज इतका हुबेहूब काढला, की पारावरून आलेले लोक हसले. मीही हसले. "मी म्हटले, मग वाचता येत नसेल तर हातही कशाला हवा? आणि त्याच्या हातात कुंचला. हात इकडे पडला," त्यांनी पाटाच्या कडेकडे बोट दाखवलं, "पण कुंचला काही सोडला नाही पठ्ठ्याने! हात पडला तरी मूठ आवळलेलीच!"

ओटा हसला. गुरुजी हसले. त्यांचा हात अजून पाटावरच होता आणि मगनरावांच्या हातात कोयता कधी आला ते कुणाला कळलंच नव्हतं. त्यांनी तो उगारलेला नव्हता, नुसता सहज धरला होता, आपण बोलताना हातात फुलपात्र धरतो तसा. पण त्यांच्या डोळ्यांत तेच होतं, जे सभेच्या गोष्टीत होतं. अंगावरचा काटा. तो गेला नव्हता. गेली काही वर्षं तो तिथेच थांबला होता.

रेवाबेन उठल्या, त्यांनी नवऱ्याच्या हातातून कोयता काढून घेतला आणि आत नेला. त्यांची ती हालचाल इतकी सरावाची होती, की मला वासरू, सदर चहा, केळफूल सगळं एकदम दिसलं आणि त्यामागे रेवाबेनचे हे दिवस दिसले. मी पदराखाली माझंच मनगट घट्ट धरून बसले होते.

मगनरावांचं लक्ष तिथे गेलं. ते समाधानाने मान डोलवून म्हणाले, "आता बरोबर. पहिली भीती ऐकीव होती."

खांडबाऱ्याला उखाकडेही जाणार आहे, असं मी त्यांना सांगितलेलं होतं. निघताना त्यांनी हिरव्या केळ्यांचा अख्खा घड माझ्यापुढे आणून ठेवला. "सदर इसमास द्यावा."

"माफी म्हणून?"

"माफी नव्हे. केळी." मग थोडं जवळ येऊन म्हणाले, "तो हल्ली डाव्या हाताने पाट्या रंगवतो असे ऐकतो. वाकड्या असतात म्हणे. सुकदेवने पाहून मला कळवावे."

खांडबारा

केळ्यांचा घड घेऊन तापी ओलांडणं, एसटीत चढणं आणि नंदुरबारला पॅसेंजर पकडणं यावर मी वेगळा लेख लिहू शकेन. घड गुरुजींच्या उंचीच्या निम्मा होता. गाडीत एका बाईने त्याच्यावर आपलं मूल झोपवलं. खांडबारा हे नवापूरकडे जाणाऱ्या रुळांवरचं बाजाराचं गाव. त्या दिवशी बाजार होता. डोंगरातले कोकणी, मावची आदिवासी टोपल्या घेऊन उतरलेले, सुकी मासळी, मोहाची फुलं, बांगड्या. आणि सगळ्या दुकानांवर वाकड्या पाट्या. 'किराणा' उजवीकडे चढत गेलेला, 'शिलाई' दमून खाली बसलेली. गुरुजी प्रत्येक पाटीखाली थांबून टोपी काढत आणि डोळे पुसत.

उखा पेंटरची खोली स्टेशनमागे होती. पन्नाशीचा, बारीक, दाढी वाढलेली, तोंडात सतत बिडी. उजवी बाही मनगटापाशी गाठ मारलेली. मला त्याची कणव येईल, असं मी धरून चालले होते. मगनराव आवडायला नको होते, ते आवडले. हा आवडायला हवा होता. पण उखाने पहिल्या वाक्यातच आमची अडचण केली.

"रडनारा कोन शे तुमनामा?"

गुरुजींनी डोळे पुसले. "मी."

"मंग बाहेर जाईसन रड. आठे रंग ओला शे."

तो आम्हाला बसा म्हणाला नाही. गुरुजींच्या टोपीची त्याने टर उडवली. माझं मराठी नाकातून येतं म्हणाला. कुणा समाजसेवकांनी त्याचा सत्कार केला होता, त्यांना त्याने शिव्या दिल्या. घड पाहिल्यावर त्याने तो कुणाचा ते विचारलंही नाही. एक केळं तोडलं, दाबून पाहिलं, "कच्चं शे. तो नेहमीच घाई करस," म्हणून जरा पिवळं पडलेलं दुसरं शोधलं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत ते अलगद सोलून खायला लागला.

मी विचारलं, मगनरावांबद्दल काय वाटतं?

"तुम्हले काय वाटनं? तुम्ही इतलं दिन राह्यनात तठे. चांगला शे ना मानूस?"

मी केळ्यांच्या घडाकडे पाहिलं.

"हात कापाना किस्सा सांगा का त्यानी?"

"सांगितला."

"हसनात?"

गुरुजी खाली पाहायला लागले. खोटं बोलणं शक्य होतं. पण मगनरावांच्या बागेत मी एकदा खरं बोलून पाहिलं होतं, आणि दुसरं काही मला सुचेनाही. "हसलो," मी म्हटलं.

त्याने केळं खाली ठेवलं. "कोठे हसनात?"

"हात पडला तरी कुंचला सोडला नाही म्हणाले तिथे."

उखा ताडकन उभा राहिला. तोंडातली बिडी खाली पडली. "कुंचला? उजवा हातमा?" तो ओरडला. "अरे येड्या, उजवा हातमा तर डबा व्हता! कुंचला मी जलमभर डावा—"

आणि थांबला.

बाहेर बाजाराचा गलका चालू होता. कुणीतरी कोंबडी विकत होतं. उखा दाराकडे गेला, दार लावून घेतलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून आमच्याकडे बघत उभा राहिला. आता त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. इतकी साधी भीती मी त्या सगळ्या प्रवासात पाहिली नव्हती.

तो लहानपणापासून डावखुरा होता. मगनरावांनी भलताच हात तोडला होता. कोर्टात त्याने सांगितलं नाही, कारण मगनराव समोर बसले होते आणि एक ना एक दिवस सुटणार होते. तो म्हणाला, "तो मानूस काम अर्धं सोडनारा नही." बरा झाल्यावर पोट भरायला पाट्या तर रंगवायच्याच होत्या. म्हणून त्याने डाव्या हाताने नवं शिकत असल्याचं सोंग घेतलं. काही वर्षं झाली, तरी तो शिकतोच आहे. रोज वाकडं काढायचं. मगनराव सुटून आल्यापासून तर आणखी वाकडं.

"सोपं नही बाई," तो म्हणाला. "वाकडं काढाले नजर लागस. हात आपोआप सरळ जास."

मग त्याने एक काम केलं. का केलं, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. कदाचित आम्ही हसलो म्हणून. कोपऱ्यातली एक रंगवायची फळी घेतली, मला विचारलं, काय लिहू? मी त्याला कोळशाने माझं नाव जमिनीवर लिहून दाखवलं. त्याने ते दोनदा पाहिलं, कुंचला बुडवला आणि डोक्यावरची रेघ पट्टीशिवाय, एका दमात, अशी ओढली, की गुरुजींच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. खाली अक्षरं लटकत गेली, गोल, भरदार, एकाही ठिकाणी न थरथरता. माझं नाव इतकं देखणं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याने मान तिरकी करून ते पाहिलं, एकदाच. मग चिंधीने फळी पुसून टाकली.

"रेघ नसनी ते रंग वाचस," तो म्हणाला. "गुजरातीमा फायदा शे. पन माले रेघ आवडस."

राहिला प्रश्न गुरुजींचा. मगनरावांना जाऊन सांगायचं त्यांच्याकडे होतं, आणि गुरुजींच्या पोटात काही राहत नाही हे त्या खोलीत सगळ्यांना कळून चुकलं होतं. उखाने त्यांना समोर बसवून तालीम दिली. मगनराव विचारतील, पाट्या कशा? गुरुजींनी चेहरा पाडून म्हणायचं, फार वाकड्या. गुरुजींनी चेहरा पाडला. उखा म्हणाला, हे दात दुखल्यासारखं दिसतं. पुन्हा केलं. आता हसू यायला लागलं. पुन्हा. जो माणूस मिरचीवरून, वाकड्या पाट्यांवरून, कुणाच्याही सोबतीने रडत होता, त्याला गरजेच्या वेळी एक थेंब काढता येईना. शेवटी उखाने आपला थोटा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. गुरुजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून उखा म्हणाला, "हां. आसंच सांगजो."

सुरतेवरून परतायची माझी गाडी दुपारची होती. उखा स्टेशनवर आला नाही. गुरुजी आले आणि गाडी हलेपर्यंत पुटपुटत राहिले, फार वाकड्या, फार वाकड्या.

पुण्यात सरांनी माझा अहवाल वाचला. त्यात मी घाबरले कुठे, हसले कुठे आणि कुणाचा मला राग आला, हे जागच्या जागी लिहिलं होतं. डाव्या हाताचं मात्र लिहिलं नव्हतं. सर म्हणाले, हा अहवाल नाही, ही तुमची तब्येत आहे. तो त्यांच्या कपाटात गेला.

डाव्या हाताचं आता लिहायला हरकत नाही. काही वर्षांनी एका सुट्टीत गुरुजी पुण्याला आले, आमच्याकडे उतरले आणि चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या रडायला लागले. मगनराव गेले होते, आजारपणाने, घरीच. रेवाबेनने त्यांचा कोयता तापीत टाकला. शेवटपर्यंत दरवर्षी एक घड खांडबाऱ्याला जात होता आणि दरवर्षी ते गुरुजींना विचारत होते. गुरुजींनी प्रत्येक वेळी सांगितलं, फार वाकड्या. मगनराव प्रत्येक वेळी समाधानाने मान हलवत.

"आणि उखाजी?" मी विचारलं.

गुरुजी रडता रडता हसायला लागले. बातमी खांडबाऱ्याला पोचली त्याच आठवड्यात एका पिठाच्या गिरणीवर नवी पाटी लागली. इतकी सरळ, की लोक दळण खाली ठेवून बघत उभे राहिले. मग शिंप्याची, मग सायकलवाल्याची. उखाने जुन्या पाट्याही एकेक करून उतरवून घेतल्या आणि पुन्हा रंगवून दिल्या. लोकांनी विचारलं, एकदम एवढा हात कसा बसला?

उखा म्हणाला, चष्मा बदलला.

चष्मा त्याला नव्हताच.